गोळी घेतली का?

नागपूरच्या पाचपावलीत लांब रोटी करणाऱ्या बाया पुष्कळ, पण प्रेमिलाच्या रोटीतून पलीकडचा पेपर वाचता येतो असं लोक सांगत. वाचून कोणी पाहिलेला नव्हता. लोकांना वाढवून सांगायला काय लागतं! पण रोटी होतीच तशी. कणीक सैल मळायची, परातीत आपटून आपटून तिला ताण आणायचा, मग मोठासा उंडा उचलून या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि खाली जाळ लावलेल्या पालथ्या मटक्यावर अलगद सोडून द्यायचा. पोळपाट नाही की लाटणं नाही, सगळं काम खांद्यांचं. वस्तीत लग्न निघालं की मटणाच्या रश्शाबरोबर ही रोटी हवीच, आणि रोटी म्हटली की प्रेमिला हवी. जाळ सांभाळायला सोबत इंदूबाई. या दोघींची जोडी इतकी जुनी की एकीला बोलावलं तरी दुसरी आपोआप यायची.

या कामाचा एक नियम होता. मटका तापला की रोटीवालीने उठायचं नाही आणि शेवटची पंगत उठेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. प्रेमिलाला तो तिच्या आईने शिकवला, आईला तिच्या आईने. पाणीसुद्धा घोटभरच प्यायचं, कारण लग्नाच्या लॉनवर बायांनी जायचं कुठे याचा विचार मांडववाल्यांच्या डोक्यात कधी आलेलाच नसतो. प्रेमिलाला या उपाशी बसण्याचा भारी अभिमान. पाहुणे हात धुऊन पान खात असले की ती ताट घेऊन बसायची आणि म्हणायची, "आता लागली पाहा भूक."

खांदे मात्र अभिमानावर चालत नाहीत. पन्नाशी ओलांडली आणि उजवा खांदा रात्रंदिवस ठणकायला लागला. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन नुसता खांद्यावर हात ठेवला तरी दुकानदार पानपट्टी द्यावी तशी गोळ्यांची पट्टी पुढे करायचा. कामाच्या दिवशी सकाळी कोऱ्या चहाबरोबर एक गोळी टाकली की दुपारपर्यंत खांदा गुमान राहायचा. उपाशीपोटी का, किती दिवस, हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

ही झाली दुकानातली गोळी. दुसरी होती संघपालची.

संघपाल तिचा एकुलता एक मुलगा. बाप रवींद्र तो शाळेत असतानाच गेला. पोराने आयटीआय केलं, एसीचं काम शिकला आणि मस्कतला निघून गेला. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा एक जाड ब्लँकेट, अत्तर, बाम आणि गुलाबी गोळ्यांची पांढरी बाटली घेऊन आला.

"आई, तिकडं आमी सारेच घेतो," तो म्हणाला. "दिवसभर शिडीवर चढून आंग आंबून जाते. एक घेतली का सकाळी माणूस नवा. तुझ्या खांद्यासाठी आणली ना."

दुकानातली पट्टी प्रेमिला चहाच्या डब्यामागे कोंबून ठेवायची. या बाटलीला मात्र तिने शोकेसमध्ये जागा दिली, संघपालच्या फोटोच्या शेजारी. पुढे मस्कतहून जो कोणी पोरगा सुट्टीवर नागपूरला यायचा, त्याच्या बॅगेत तिच्यासाठी एक बाटली असायचीच. बाटली आली की ती आधी उघडून वास घ्यायची. गोळ्यांना कसला आलाय वास! पण तिला तो यायचा.

रोज दिवेलागणीला संघपालचा फोन यायचा. पोरगा बापावर गेलेला, मनातलं ओठांवर आणणं त्याच्या जिवावर यायचं. तुझी आठवण येते, घरी यावंसं वाटते, असं काही तो कधी बोलला नाही. चेहरा दिसला की पहिला आणि एकच प्रश्न.

"आई, गोळी घेतली का?"

एवढ्या चार शब्दांत जे ऐकायचं ते प्रेमिला ऐकून घ्यायची. दिवसभर कान त्याच प्रश्नाकडे लागलेले असायचे. उन्हं उतरली की ती केस विंचरायची, दिवा जिथे चांगला पडतो तिथे खुर्ची ओढायची आणि फोन मांडीवर घेऊन बसून राहायची. मुलगा दूर गेला की आयांचं हे असंच होतं, त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. प्रेमिला रोज सकाळी बुद्धवंदना घेणारी बाई होती. खोटं बोलणार नाही, हे शील ती नुसतं म्हणत नसे, पाळत असे. लहानपणी संघपालने एकदा शाळा बुडवून खोटं सांगितलं होतं, तेव्हा मारण्याऐवजी तिने त्याला समोर बसवून पंचशील म्हणायला लावलं होतं. अशी बाई पोराला 'घेतली' असं खोटं कसं सांगणार? म्हणून फोन यायच्या आधी ती गुलाबी गोळी घ्यायची. खांदा दुखत असो वा नसो, सकाळी दुकानातली घेतलेली असो वा नसो. गोळी घ्यायची आणि मग निर्मळ मनाने म्हणायची, "घेतली ना गा बाबू."

वर्षं अशीच गेली. मधूनच पोटात आग पडायची, तिला वाटायचं जाळापुढे बसून तसं होत असेल. पाय सुजायचे, ते उकिडवं बसून. शौचाला काळं डांबरासारखं व्हायला लागलं तेव्हा तिने दोष लोखंडी कढईतल्या भाजीला दिला. आपल्या बायांना दुखणं अंगावर काढायचं असलं की कारणांची कमी पडत नाही.

मग नागपूरजवळच्या खापा गावातलं एक लग्न आलं. कन्हान नदीच्या काठावरून थंड वारा येत होता, मटके धडधडून तापले होते आणि पहिली पंगत बसायच्या आत प्रेमिलाच्या हातातली रोटी मटक्यावर न पडता जाळात पडली. इंदूबाईने रागाने वर पाहिलं, तर प्रेमिला पांढरीफटक होऊन तिच्याच अंगावर कोसळत होती.

नागपूरच्या दवाखान्यात रक्ताच्या बाटल्या चढल्या. ते चार दिवस संघपालचा फोन इंदूबाईनेच घेतला आणि प्रेमिलाला न विचारताच, आई बाहेरगावच्या लग्नात अडकली आहे, असं सांगून टाकलं. नळी घालून पोट आतून पाहिलं तर जखम, आणि जखमेतून रक्त झिरपत होतं. तिथल्या डॉक्टर चारुशीला तरुण, बोलायला मऊ. त्यांनी विचारलं, "मावशी, दुखण्याच्या गोळ्या घेता का कुठल्या?"

प्रेमिलाने इंदूबाईला घरी पाठवून चहाच्या डब्यामागची पट्टी मागवली आणि दाखवली.

"आणखी काही?"

"नाही ना बाई. हेच एक."

यात तिने काहीही लपवलं नव्हतं. डॉक्टरांनी औषधाचं विचारलं, तिने औषधाचं सांगितलं. शोकेसमधली बाटली तिच्या लेखी औषध नव्हतीच, ती संघपालची होती. घरात पोराचा फोटो आहे हे कोणी डॉक्टरला सांगतं का?

पट्टी बंद झाली. पोटाच्या जखमेचं औषध सुरू झालं. पण महिन्याभराने तपासणीला गेली तर रक्ताचं प्रमाण पुन्हा घटलेलं, पायांची सूज चढलेली आणि किडनीचा आकडा बिघडलेला. डॉक्टर चारुशीला रिपोर्टकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. सोबत आलेल्या इंदूबाईला हे सहन झालं नाही.

"प्रेमिला, अन् ते पोराची गोळी वं?"

"ते कुठं दवाई हाय!" प्रेमिला म्हणाली.

दुपारी इंदूबाई बाटली घेऊन आली. डॉक्टरांनी तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि कपाळाला हात लावला. मग त्यांनी सरळ सांगितलं. पट्टीचं नाव वेगळं, बाटलीचं वेगळं, पण दोन्ही एकाच खानदानातल्या. म्हणजे इतकी वर्षं कामाच्या दिवशी दुप्पट चाललं होतं. पोटाच्या आत एक अस्तर असतं, ते या गोळ्या झिजवतात, आणि उपाशीपोटी घेतल्या की अजूनच. किडनीला जाणारं रक्तही त्या कमी करतात, त्यात तुम्ही जाळापुढे बसून पाणी पीत नाही.

"कधीमधी दोन दिवस घेतली तर निरोगी माणसाला चालते, मावशी. तुम्हाला आता एकसुद्धा नाही. जखम पुन्हा फुटली तर या वेळी दवाखान्यात पोचायला वेळ मिळेलच असं नाही. खांद्याला शेक द्या, व्यायाम दाखवते तो करा, फारच झालं तर मी लिहून देते ती साधी गोळी, तीही मी सांगेन तेवढीच." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मीच नीट विचारायला हवं होतं. घरात कोणी काय आणून देतं, तेही."

प्रेमिलाने मान हलवली. मरणाची भीती वाटली हे खरंच, पण घरी येताना ऑटोत ती वेगळ्याच गोष्टीने कासावीस झाली होती. संध्याकाळ होत आली होती. फोन येणार होता.

"आई, गोळी घेतली का?"

दवाखान्यातून परत आणलेली बाटली पुन्हा शोकेसमध्ये होती. प्रेमिलाने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या दमलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"घेतली," ती म्हणाली.

आयुष्यात पोराशी बोललेलं हे तिचं पहिलं खोटं. दुसऱ्या दिवशी वंदना म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाशी तिचा आवाज अडखळला, तिसऱ्या दिवशीही. इंदूबाईने समजावून पाहिलं.

"सांगून टाक ना वं त्याले. लहान हाय का तो?"

"त्याच्या गोळ्यांनं झालं म्हणून सांगू? तिकडं एकटा हाय. जीव खाऊन घेईन स्वतःचा."

हे कारण खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं, ते तिने इंदूबाईलाही सांगितलं नाही. गोळी बंद झाली हे कळलं तर तो विचारणार काय? त्या पोराकडे विचारायला दुसरं काही नव्हतं. मग फोन लागेल, दोघं एकमेकांकडे पाहतील, तो म्हणेल बरं हाय ना, ती म्हणेल बरं हाय, आणि संपलं. दिवसभर कान लावून बसावं असं काही उरणारच नाही. ही भीती तिला पोटातल्या जखमेपेक्षा मोठी होती. शहाण्या माणसाला हे पटायचं नाही, पण शहाणी माणसं संध्याकाळी अशी फोन घेऊन बसत नाहीत.

हिवाळा सरता सरता संघपालला सुट्टी मिळाली. फोनवर तो लहान पोरासारखा हसला. "आई, मले दुसरं काही नको. तुझी लांब रोटी पायजे. तिकडं स्वप्नात येते."

"ये तं खरा," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर उजवा हात वर उचलून पाहिला. तो कानाच्या वर गेला नाही. गोळ्या बंद झाल्यापासून तिने मटका लावलाच नव्हता.

संघपाल आला. दारातच तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. गाल बसले होते, कानशिलाशी पांढरे केस दिसत होते. फोनच्या पडद्यात हे काहीच दिसत नसे. रात्री ती त्याला दोनदा उठून बघून आली. पोरगा घरात झोपलाय, त्याचा श्वास ऐकू येतोय, एवढ्या गोष्टीने तिला रडू फुटलं. इतकी वर्षं हे आपण कशाच्या आधारावर काढलं, ते तिला कळेना.

रविवारी अंगणात मटका लागला. इंदूबाई जाळाशी बसली. संघपालने मटण आणून दिलं होतं, रस्सा उकळत होता. प्रेमिलाने कणीक आपटायला घेतली आणि दुसऱ्या-तिसऱ्या आपटीलाच खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने ओठ दाबला. मनात आलं, शोकेसमध्ये बाटली आहे. एकच. एकाने काय होणार आहे? पोरासाठी एक दिवस. नंतर कधीच नाही. जखम आता भरली असेल. ती पदराला हात पुसत उठलीही. इंदूबाईने जाळातलं लाकूड तसंच हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात संघपालच आतून आला. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळव्यावर गुलाबी गोळी.

"दुखून राहिलं ना? मले दिसते," तो म्हणाला. "जुनी बाटली तं भरलेलीच हाय वं आई. मी नवी आणली, मोठी. गोळी घेतली का तू आज?"

तोच प्रश्न. पण आज तो फोनमधून आला नव्हता. तो समोर उभा होता, त्याच्या तळव्यावरचे शिडी धरून पडलेले घट्टे दिसत होते, आणि त्या घट्ट्यांच्या मधोमध गोळी होती. प्रेमिलाने गोळी उचलली. तोंडाजवळ नेली. आणि मग ती मटक्याशेजारच्या पाटावर मटकन बसली.

"नाही घेतली," ती म्हणाली. "लय दिवसांची नाही घेतली, बाबू. डॉक्टरनं बंद केली. हे बी अन् दुकानातली बी. पोटातून रक्त गेलं माझ्या. खाप्याले पडली मी. किडनी बी बिघडली म्हणते."

संघपालला आधी समजलंच नाही. मग समजत गेलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"मी तं रोज इचारत होतो... तू रोज घेतली म्हणत होती."

"खोटं बोलली."

"मीच पाठवत होतो ना वं?"

"तुले काय ठाऊक? मले तरी कुठं ठाऊक होतं?"

"मंग काहून नाही सांगतलं?" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी वाकून पाहिलं. "मरून गेली असती तं? काहून नाही सांगतलं, आई?"

प्रेमिलाने मान वर केली नाही. कणकेकडे बघतच ती म्हणाली, "सांगतलं असतं, तं मंग तू रोज मले काय इचारलं असतं?"

संघपालच्या हातातल्या पेल्यातलं पाणी त्याच्या पायावर सांडत होतं. मग त्याने पेला खाली ठेवला, आईच्या मागे जाऊन उकिडवा बसला आणि तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. दाबणं त्याला येत नव्हतं. एसीची पेटी धरावी तसा त्याने तो घट्ट धरला. दुखलं. प्रेमिलाने दुखू दिलं. ज्या हाताच्या ऐवजी ती इतकी वर्षं गोळी घेत आली, तो हात शेवटी खांद्यावर आला होता.

त्या दिवशी रोट्या झाल्या, पण कशा, ते विचारू नये. हात वर जाईना, उंडा लांबेना. पहिली रोटी मटक्यावर वाकडी पडली आणि मधोमध फाटली. इंदूबाईने ती उचलून उजेडात धरली.

"हिच्यातून पेपर नाही, बाई, आखं पाचपावली दिसून राहिलं."

हसता हसता प्रेमिलाचे डोळे भरून आले. संघपालने ती फाटकी रोटी घेतली, रश्शात बुडवली आणि पहिला घास तिच्या तोंडाशी नेला.

"अरे, मटका तापला हाय," ती मागे सरकली. "रोटीवालीनं..."

"आधी तू खा. मंग बाकीचं."

तिने खाल्लं. तापलेल्या मटक्यापुढे बसून आयुष्यात पहिल्यांदाच.

सुट्टी संपली तसा तो परत गेला, जावं तर लागणारच होतं. जायच्या आधी तो डॉक्टर चारुशीलांना भेटून आला, दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या त्याने त्यांच्याकडेच देऊन टाकल्या, आणि आपणही उठसूट घेणार नाही असं कबूल केलं. जुनी रिकामी बाटली तो फेकायला निघाला होता, ती प्रेमिलाने हिसकावून घेतली. आता तिच्यात कणकेचं मीठ असतं. विमानतळावर तिने त्याला जय भीम म्हटलं आणि काचेचं दार मिटेपर्यंत हसून दाखवलं. घरी आल्यावर त्याची उशी तिने तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले. तिने केस विंचरले, खुर्ची ओढली. आज तो काय विचारणार, ते तिला ठाऊक नव्हतं. फोन वाजला. पडद्यावर संघपाल दिसला.

"आई," तो म्हणाला. "जेवली का?"

तिने कॅमेरा उष्ट्या ताटाकडे वळवला. पंचशील म्हणणारी बाई, फोनच्या आधी जेवूनच बसली होती.

"जेवली ना गा."

"अन् खांदा?"

एरवी याचं उत्तर ठरलेलं होतं. गोळी घेतली, बरं हाय, तू काळजी नको करू. इतकी वर्षं ती हेच सांगत आली होती, आणि जे सांगायचं होतं ते त्या गोळीबरोबर गिळत आली होती. आज गिळायला काही नव्हतं.

"दुखते," ती म्हणाली. "लय दुखते, बाबू. तू ये ना गा घरी."

पलीकडे त्याने फोन छातीशी धरला असावा. पडद्यावर नुसता अंधार होता आणि त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. प्रेमिलाने फोन ठेवला नाही.